प्रबंधातली आडवी पानं पाठपोट छापताना उलटी का येतात?

तुमची अडचण मला अशी समजली : वर्डमधला प्रबंध, बहुतेक पानं उभी, रुंद तक्त्यांसाठी मधूनमधून आडवी पानं, आणि प्रत हवी पाठपोट छापलेली. स्क्रीनवर सगळं ठाकठीक, पण छापून आलं की काही तक्ते डोक्यावर उभे आणि आडव्या पानांचे नंबर भलत्याच कडेला. यात ना तुम्ही काही बिघडवलंय, ना झेरॉक्सवाल्याने.

प्रिंटरच्या लेखी आडवा कागद असा नसतोच. ट्रेमधला ए४चा गठ्ठा जसा ठेवलाय तसाच आत जातो, फिरतो तो मजकूर. तो उजवीकडे फिरवायचा की डावीकडे, हे ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर) ठरवतो. पाठपोट छापताना त्यात 'फ्लिप ऑन लाँग एज'चा (म्हणजे कागद लांब कडेवरून उलटायच्या पर्यायाचा) घोळ वाढतो. उभ्या पानाच्या लांब कडा डावी-उजवीकडे असतात, आडव्या पानाच्या वर-खाली. एकाच फाइलमध्ये दोन्ही आली की काही ड्रायव्हर पहिल्या पानावरून सगळ्या फाइलचा निकाल लावतात, तर काही पानागणिक नव्याने ठरवतात. घरी नीट छापलेली फाइल दुकानातल्या मशीनवर बिघडते ती यामुळेच.

म्हणून ड्रायव्हरला ठरवायला काही ठेवूच नका. वर्डमधून पीडीएफ करा आणि त्यातली फक्त आडवी पानं घड्याळाच्या उलट दिशेने ९० अंश फिरवून सेव्ह करा. नुसतं पाहताना फिरवलेलं चालत नाही, फाइलमध्ये सेव्ह व्हायला हवं. फुकटच्या अॅक्रोबॅट रीडरमध्ये ते होत नाही. पीडीएफसॅम बेसिक या फुकटच्या प्रोग्रॅममध्ये होतं (कुठे 'घड्याळाच्या दिशेने २७० अंश' असं लिहिलेलं दिसलं, तर तेही हेच). मॅक असेल तर प्रिव्ह्यू पुरतो. आता फाइलमधलं प्रत्येक पान उभं आणि तक्ते कुशीवर झोपलेले दिसतील, तक्त्याचं डोकं पानाच्या डाव्या कडेला. वाचायला ही फाइल गैरसोयीची, तेव्हा ती छपाईपुरतीच ठेवा. गाइडना मेल करायची ती आधीची, सरळ पानांची. छापताना 'अॅक्चुअल साइज' आणि 'फ्लिप ऑन लाँग एज'. बस.

डोकं डावीकडेच का, तर पुस्तक एकदा उजवीकडे वळवलं की समोरासमोरचे दोन्ही तक्ते एकाच दिशेने वाचता येतात. काही ठिकाणी नियमच असतो की डोकं बाइंडिंगकडे हवं. एकाच बाजूला छापलं तर दोन्हीचा अर्थ एकच. पाठपोटमध्ये मात्र सम पानाची बाइंडिंगची कड उजवी असते. आधी आपल्या विद्यापीठाचं परिपत्रक बघा, आणि तसा नियम असेल तरच सम नंबरची आडवी पानं उलट, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवा.

आता मार्जिन (हे आणि पुढचे बदल पीडीएफ करण्याआधी वर्डमध्येच करायचे), कारण बाइंडिंगवाल्याने शिवण मारली की खरी फजिती इथे होते. उभ्या पानांना बाइंडिंगच्या बाजूला दीड इंच सोडलाय म्हणून आपण निर्धास्त असतो. पण आडव्या पानात बाइंडिंग डाव्या मार्जिनला येतच नाही. विषम पानावर ते तक्त्याच्या वरच्या बाजूला येतं, सम पानावर खालच्या. वर्डच्या 'मिरर मार्जिन्स'ला याचा पत्ता नसतो, ते बिचारं डावं-उजवंच बदलत राहतं. पाठपोट असेल तर आडव्या सेक्शनला (वर्डमध्ये स्वतःची वेगळी मांडणी असलेल्या पानांच्या गटाला) वर आणि खाली दोन्हीकडे दीड इंच द्या. तक्त्याला उंची सुमारे १३४ मिमी उरते. तेवढ्यात मावत नसेल तर फॉन्ट ७वर नेण्यापेक्षा तक्ता दोन पानांवर तोडा. परीक्षकांच्या डोळ्यांचं वय लक्षात घ्या.

पाननंबरही बाकीच्या पानांसारखा, म्हणजे पुस्तक सरळ धरल्यावर खाली मध्यभागी हवा असेल तर थोडी खटपट आहे. तक्त्याच्या आधी आणि नंतर 'सेक्शन ब्रेक – नेक्स्ट पेज' असतोच. आडव्या सेक्शनच्या फुटरमध्ये (पानाच्या तळाच्या पट्टीत) जाऊन 'लिंक टू प्रीव्हिअस' काढा, आणि पुढच्या उभ्या सेक्शनमध्येही काढा. हे दुसरं बहुतेक जण विसरतात आणि पुढच्या सगळ्या प्रकरणांचे नंबर विस्कटतात. मग आडव्या पानाच्या फुटरमधला नंबर पुसून तिथेच एक टेक्स्ट बॉक्स घाला, त्यात पेज नंबरचं फील्ड (आपोआप बदलणारा नंबर) टाका, 'टेक्स्ट डिरेक्शन' ९० अंश करा, बॉक्सची बॉर्डर काढा आणि तो पानाच्या डाव्या कडेला, उंचीच्या मध्यावर नेऊन ठेवा. पान घड्याळाच्या उलट दिशेने फिरलं की नंबर बरोबर खाली, सरळ येतो. नंबरिंग 'कंटिन्यू फ्रॉम प्रीव्हिअस सेक्शन'वर आहे ना, तेही बघून घ्या.

तक्त्यानंतर एक कोरं आडवं पान येत असेल, तर वर्डला तक्त्याखाली एक परिच्छेद लागतोच आणि जागा नसली की तो पुढच्या पानावर ढकलला जातो. त्या रिकाम्या ओळीचा फॉन्ट १ पॉइंट करा, आधीची-नंतरची जागा शून्य.

आणि छपाई मध्येच थांबून मशीन कागद मागत असेल, तर प्रत्येक सेक्शनचा पेपर साइज तपासा. दुसऱ्याच्या फाइलमधून आणलेल्या तक्त्याबरोबर कधीकधी 'लेटर' साइज (२१६ × २७९ मिमी) येतो आणि एकच सेक्शन त्यात अडकून बसतो.

दुकानात वर्ड फाइल नेऊच नका, विशेषतः प्रबंध मराठीत असेल तर. तिथे तुमचा फॉन्ट नसला की ओळी सरकतात आणि तक्ता पानाबाहेर जातो. सगळा गठ्ठा छापायच्या आधी उभ्या-आडव्या पानांच्या सीमेवरची चार पानंच पाठपोट काढून बघा, विषम पानापासून सुरू करून, आणि अशी निवडा की त्यांत एक आडवं पान विषम नंबरचं आणि एक सम नंबरचं येईल. डावीकडे क्लिप लावून चाळलं की काय ते कळतं.

रंगीत आलेख असतील तर दुकानदाराला रंगीत मशीनसाठी जोडीने पानं सांगा. आलेख ४२वर असला तरी ४१–४२ दोन्ही त्याच मशीनवर, कारण कागद एकच आहे. नुसतं '४२ रंगीत' सांगितलंत तर ४१ काळ्या मशीनवर वेगळ्या कागदावर निघतं आणि गठ्ठा लावताना कोऱ्या पाठीचा एक कागद जास्तीचा येतो.