ऑस्प्रे या मासे पकडणाऱ्या शिकारी पक्ष्याची एकच मादी आयुष्यभरात किती पिल्लं वाढवते?

स्कॉटलंडमधल्या लॉख ऑफ द लोज तळ्यावरची ‘लेडी’ बघा. ती 1991 पासून 2014 पर्यंत सलग 24 वर्षं तिथे परतली. एकूण 71 अंडी, त्यातून 50 पिल्लं उडाली! पायात ओळखीचं वळं नव्हतं, ओळखायची ती डोळ्यातल्या ठिपक्यांवरून.

दरवर्षी साधारण तीन अंडी, सुमारे 37 दिवस उबवणं. नर मासा आणतो, बहुधा डोकं आधी स्वतः खाऊन. मग मादी बारीक लचके तोडून एकेका चोचीत देते, हे बघतच राहावं असं असतं. जून 2010 मध्ये ती खाणंपिणं सोडून निपचित पडली. सगळ्यांनी आशा सोडली, पण ती उठली. 2015 मध्ये मात्र आली नाही.

आपल्याकडे उजनीवर हिवाळ्यात ऑस्प्रे दिसतात, ते पाहुणे.