परकीय भाषेचे शब्द नुसत्या वाचनाने लक्षात राहतात का? अडलेला प्रत्येक शब्द कोशात बघावा का?

राहतात. निदान माझे तरी याद्या घोकण्यापेक्षा जास्त राहिले. एवढ्या तावातावाने सांगतोय, कारण पुण्यात जर्मन शिकताना याच मुद्द्यावरून माझं क्लासच्या बाईंशी वाजलं होतं.

बाईंचा दंडक असा, की रोज चाळीस शब्द, डेर-डी-डास या लिंग दाखवणाऱ्या उपपदांसकट, दुसऱ्या दिवशी तोंडी. बी-वन ही मधली पातळी होईपर्यंत गोष्टीच्या पुस्तकाला हात लावायचा नाही. मी जुन्या पुस्तकांच्या ढिगातून एरिश केस्टनरचं 'एमिल उंड डी डिटेक्टिवं' (१९२९) आणलं. बाईंनी ते वर्गात उंच धरून दाखवलं, "रांगता येत नाही, आणि निघाले पळायला!" सगळे हसले. मग मी हट्टानेच वाचलं.

एमिल एकटा आगगाडीने बर्लिनला आजीकडे निघालाय. जवळ १४० मार्क. चोरीच्या भीतीने तो नोटांचं पाकीट कोटाच्या अस्तराला टाचून ठेवतो. इथे 'श्टेकनाडेल' अडला. कोश उघडला नाही. 'श्टेकेन' म्हणजे खोचणे, 'नाडेल' म्हणजे सुई. अरे, ही तर आपली टाचणी! पुढे नोटांना पडलेल्या टाचणीच्या भोकांवरूनच चोरी सिद्ध होते (शेवट फोडला, माफ करा). असा शब्द कसा विसरणार? त्या आठवड्याच्या यादीतला एकही शब्द आज आठवत नाही.

कोशाचं म्हणाल तर तोच शब्द तिसऱ्यांदा अडला की बघा, आधी नाही. आणि बघताना वाक्य शेवटपर्यंत वाचा. मी एकदा 'पाऊस ऐकतो' असा अर्थ लावून बसलो होतो. 'होरेन' म्हणजे ऐकणे, पण वाक्याच्या टोकाला 'आउफ' लोंबकळत होतं. 'आउफहोरेन' म्हणजे थांबणे. पाऊस कुणाचं ऐकतो होय!

हां, शंभरात दोनपेक्षा जास्त शब्द अनोळखी असतील तर कोशाविना मजकूर नीट कळत नाही, असं पॉल नेशन हे अभ्यासक सांगतात. म्हणजे पहिले हजार-दोन हजार शब्द कसेतरी डोक्यात घालावेच लागतात. बाईंचं एवढं खरं. तुम्ही भाषा कुठली ते लिहिलं नाहीत. जपानी असेल तर कांजी या चिनी चिन्हांपुढे माझी ही युक्ती किती चालेल, देव जाणे.

आणि तोंडी परीक्षेत माझे मार्क डेर-डी-डासमध्येच गेले. 'श्टेकनाडेल'चं लिंगसुद्धा आत्ता हे लिहिताना कोशात बघितलं. डी.