व्हिएन्नात शहराच्या मध्यापासून लांब अपार्टमेंट घेतलं तर रोजची दगदग होईल का?

(प्रश्नात दिलेली माहिती अशी: जून महिना, पाच रात्री, सोबत सासू-सासरे आणि दोन लहान मुलं. मध्यवर्ती भागातली हॉटेलं बजेटबाहेर.)

डोंबिवलीत घर बघताना व्हीटी किती किलोमीटर, असं कुणी विचारतं का? स्टेशन चालत किती आणि फास्ट थांबते का, एवढंच विचारतो. व्हिएन्नातही तेवढंच विचारा. मी बरीच वर्षं इथे राहतोय, दर उन्हाळ्यात गावाकडचं कुणी ना कुणी येतं आणि त्यांच्यासाठी घर शोधायचं काम माझ्या गळ्यात पडतं. त्यामुळे थोडं अधिकारवाणीने सांगतो: बिनधास्त लांब राहा, पण ऊ-बानला चिकटून राहा. ऊ-बान म्हणजे इथली मेट्रो. दिवसा साधारण तीन ते पाच मिनिटांनी गाडी असते, शुक्रवारी आणि शनिवारी रात्रभर चालू. शिवाय अख्खं शहर एकाच झोनमध्ये येतं, त्यामुळे टोकाला राहिलात म्हणून तिकीट महाग होत नाही.

तुमच्यासाठी मी पहिल्यांदा यू ४ लाइनवरचं मायडलिंग हाउप्टश्ट्रासे बघेन. एका बाजूला पुढचंच स्टेशन शोनब्रुन, म्हणजे राजवाडा आणि प्राणिसंग्रहालय. मुलांचा एक अख्खा दिवस तिथे जाणार. दुसऱ्या बाजूला पाचव्या स्टेशनवर कार्ल्सप्लाट्झ, तिथून ऑपेरा दोन पावलांवर. मधे केटनब्र्युकनगासेला उतरलात तर नाशमार्क्ट, तिथे मसाले आणि डाळी मिळतात. फक्त नावात फसू नका. मायडलिंगचं रेल्वे स्टेशन वेगळं आहे, ते यू ६ वर येतं, आणि जाहिरातीत दोन्हींना नुसतं 'मायडलिंग' लिहिलेलं असतं.

दुसरा पर्याय यू १ वरचं केप्लरप्लाट्झ, दहाव्या जिल्ह्यात (इथे जिल्हा म्हणजे शहराचाच एक विभाग), फावोरिटेनमध्ये. चार स्टेशनं गेलं की श्टेफान्सप्लाट्झ, शहराचं काळीज. या भागाबद्दल इथले लोक नाकं मुरडतात. पुढच्या रॉयमानप्लाट्झच्या आसपास २०२४ पासून शस्त्रबंदीचा पट्टाही आहे, म्हणजे ती कुरकुर अगदीच हवेतली नाही. पण दिवसाउजेडी तिथे भाजीबाजार आणि आइस्क्रीमच्या दुकानासमोरची रांग दिसते. माझे आई-बाबा तिथे राहिले आणि बाबांना तो बाजार राजवाड्यापेक्षा जास्त आवडला. रात्री उशिरा चौकात रेंगाळायचं नाही, एवढंच. अगदी शांत हवं असेल तर नदीपलीकडे कागरान आहे. श्टेफान्सप्लाट्झपर्यंत आठ स्टेशनं, सरळ गाडी आणि स्टेशनला लागूनच मोठा मॉल.

यू २ लाइनच्या टोकाच्या झेश्टाट या नव्या वसाहतीतली नवीकोरी, स्वस्त अपार्टमेंट्सही दिसतील. 'तिथून यू २ ने थेट कार्ल्सप्लाट्झ' हा सल्ला मधे काही वर्षं चालत नव्हता. बोगद्याच्या कामासाठी २०२१ मध्ये यू २ चा कार्ल्सप्लाट्झकडचा तुकडा बंद केला होता, डिसेंबर २०२४ पासून गाडी पुन्हा तिथपर्यंत जाते. पण तो तुकडा पुढे यू ५ या नव्या लाइनला जाणार आहे, तेव्हा थेट गाडी आहे ना ते बुकिंगआधी बघा. म्हातारी माणसं आणि पेंगुळलेली मुलं बरोबर असताना एक गाडी बदलणं म्हणजे वीस मिनिटं जास्तीच्या प्रवासाइतकं जड जातं. मी तरी कमी स्टेशनांपेक्षा सरळ गाडीला जास्त मार्क देतो.

आता मी स्वतः कुठे आपटलो ते. आई-बाबा पहिल्यांदा आले तेव्हा एका जुन्या इमारतीतलं घर घेतलं. जाहिरातीत लिहिलं होतं, पहिला मजला, लिफ्ट नाही. म्हटलं, एक मजला तर चढायचाय. इथल्या जुन्या इमारतींत तळमजल्यानंतर कधी 'होखपार्टेर' येतं, मग 'मेझानिन', आणि त्यानंतर कुठे 'पहिला' मजला सुरू होतो! आई प्रत्येक वळणावर बसत बसत वर पोचली आणि पाच दिवस मला बोलली नाही, ते जास्त लागलं. तेव्हापासून मी मालकाला मजला विचारतच नाही. रस्त्यापासून दारापर्यंत पायऱ्या किती, असं विचारतो. ऊ-बान स्टेशनांवर लिफ्ट असतात, खरी अडचण घरातच असते. 'मेट्रो ५ मिनिटं' हेही तपासा, कारण कधीकधी ती पाच मिनिटं बसने असतात. नकाशावर चालण्याचा रस्ता स्वतः काढून बघा, रुळांना वळसा घालावा लागला तर पाचाची पंधरा होतात.

पिनकोड बघायला विसरू नका. चार आकड्यांतले मधले दोन म्हणजे जिल्हा: ११२० म्हणजे बारावा, मायडलिंग. १०१० ते १२३० च्या बाहेरचा कोड असेल तर जाहिरातीत कितीही 'व्हिएन्ना' लिहिलेलं असो, ते शहरात नाही. १३०० तर चक्क विमानतळ आहे, आणि तिथल्या प्रवासाला शहराचं तिकीट पुरत नाही.

कायद्याचंही सांगतो. १ जुलै २०२४ पासून खास परवानगीशिवाय घर वर्षात ९० दिवसांपेक्षा जास्त पर्यटकांना देता येत नाही. महापालिकेच्या वसाहतींमधली घरं तर अशी देताच येत नाहीत. मालक म्हणाला, 'कुणी विचारलं तर नातेवाईक आहोत सांगा,' तर ते घर सोडून द्या. पासपोर्टचे तपशील मागितले तर घाबरू नका, पाहुण्यांची नोंद करणं त्याला बंधनकारकच आहे. बुकिंग मात्र फुकट रद्द होणारं आणि सगळ्यांच्या नावाचं घ्या, व्हिसाच्या कागदांत ते लागतं.

जूनमध्ये कधीकधी चांगलंच उकडतं आणि बहुतेक घरांत एसी नसतो, तेव्हा पंखा आहे का ते विचारून ठेवा. नळाचं पाणी डोंगरातल्या झऱ्यांचं आहे, बाटल्या विकत घेऊ नका. स्टेशनात गेट नसतात म्हणून सासऱ्यांना सगळं फुकट वाटेल. कागदी तिकीट निळ्या पेटीत छापून घ्यायला लावा, दंड शंभर युरोंच्या वर आहे. आणि रविवारी पोचणार असाल तर दुकानं बंद असतात. मुख्य रेल्वे स्टेशनातलं सुपरमार्केट उघडं असतं, दूध-ब्रेड तिथूनच घेऊन घरी जा.