पुण्यातल्या कॉलेजात सगळ्या समाजांच्या मुलांना वातावरण सारखंच वाटतं का?

तुमची मुलगी यंदा नंदुरबारहून पुण्याला शिकायला येतेय, म्हणून तुम्ही हे विचारलंय. मी पावरा आदिवासी, धडगावचा. २०११ ते २०१४ पुण्यात बीएस्सी केलं.

सारखं अजिबात वाटत नाही. एकाच बाकावरच्या दोघांनाही नाही.

माझा रूममेट मणिपूरचा, उखरूलकडचा तांगखुल नागा. २०१२ च्या ऑगस्टमध्ये, आसामातल्या दंगलीनंतर, ईशान्येकडच्या लोकांवर पुण्या-बंगळुरात हल्ले होणार अशा अफवा उठल्या. सरकारने दिवसाला पाचच एसएमएसची मर्यादा घातली होती, आठवत असेल. हा तीन दिवस खिडकी लावून खोलीत बसून होता. मेसपर्यंत जायचा धीर होईना, मीच डबा आणून द्यायचो. मग घरच्यांनी बोलावून घेतलं. स्टेशनवर सोडायला गेलो तेव्हा त्याच्याकडे एकच बॅग. गादी, कुकर, जर्नल्स सगळं माझ्याकडे ठेवून गेला.

सव्वा महिन्याने परतला तर हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली. ऑफिसच्या खिडकीत मॅडम म्हणाल्या, "मेडिकल सर्टिफिकेट?" हा म्हणाला, आजारी नव्हतो. "मग कारण काय लिहू?" फॉर्मवर तीनच कारणं छापलेली: आजारपण, घरातला मृत्यू, क्रीडास्पर्धा. जिवाच्या भीतीने गावी गेलो, हे लिहायला जागाच नाही. शेवटी एका डॉक्टरकडून टायफॉइडचं सर्टिफिकेट आणलं. दोनशे रुपये पडले, ते मी दिले.

आमच्या ग्रुपमधला कोथरूडचा मित्र म्हणाला, "नियम सगळ्यांना सारखा. तुम्ही लोक उगाच मनाला लावून घेता." त्या 'तुम्ही लोक'मध्ये मीही होतो. "पावरी म्हणजे गुजरातीच ना?", "एसटी ना तू, मग तुला कसलं टेन्शन?" हे मी वर्षभर ऐकत होतो, पण तोवर कुणाजवळ बोललो नव्हतो. त्या दिवशी जोरदार भांडलो. आजही भेटलो की तो तेच म्हणतो, त्याला कॉलेजात कधी भेदभाव दिसलाच नाही. कसा दिसेल? त्याला जेवढ्या कारणांनी सुट्टी लागायची, ती सगळी त्या फॉर्मवर होती.

आता तुमचं. कुठलं कॉलेज चांगलं, ते मी सांगू शकत नाही. पण प्रवेशाआधी ऑफिसात विचारा, समान संधी कक्ष (विद्यार्थ्यांमध्ये भेदभाव होऊ नये म्हणून असलेला विभाग) कोण बघतं, त्यांचा नंबर द्या. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, हा कक्ष २०१२ च्याच नियमांत सांगितलेला आहे. समोरचा गोंधळला तर काय ते समजा. मुलीला सांगा, "कोट्यातून का?" असं विचारलं तर सरळ हो म्हण, मान खाली घालू नकोस.

सगळेच वाईट असतात असं नाही, हे सांगायला हवं. फिजिक्सच्या मॅडमनी माझ्या रूममेटचे बुडालेले प्रॅक्टिकल शनिवारी थांबून करून घेतले, कारण न विचारता. आणि तो कोथरूडचा मित्रही परीक्षेआधी स्वतःच्या नोट्स आम्हा दोघांना झेरॉक्सला द्यायचा.

आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहाचा अर्ज मात्र लवकर भरा. तिथे आपली भाषा बोलणारी कुणीतरी भेटते. पहिले सहा महिने त्याचा फार आधार होतो.