पुरोगामी रॉक? मग चष्माही पुरोगामी म्हणा!

प्रश्न असा आहे : "सत्तरच्या दशकातल्या फ्रेंच 'प्रोग्रेसिव्ह रॉक'वर लेख लिहितोय. 'पुरोगामी रॉक' म्हटलं तर चालेल का? आणि 'झ्योल' म्हणजे काय?"

नाही चालणार. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे लांबलचक, टप्प्याटप्प्याने उलगडत जाणाऱ्या रचनांचं रॉक संगीत. हा 'पुरोगामी रॉक' मी इतक्यांदा ऐकलाय की आता कान किटले. मराठीत पुरोगामी म्हटलं की फुले-शाहू-आंबेडकर आठवतात, आठवायलाच हवेत. पण फ्रान्समधल्या बेल्फोर गावचा आँज हा बँड नाटकी आवेशात गातो, त्यात समाजसुधारणा कुठून आली?

गंमत म्हणजे इंग्रजीने केलेला हा घोळ फ्रेंचमध्ये नाहीच. तिथे दोन वेगळे शब्द आहेत. राजकारणातला पुरोगामी तो 'प्रोग्रेसिस्त', आणि पायरीपायरीने वाढत जाणारं ते 'प्रोग्रेसिफ'. टप्प्यांनी चढणारा आयकर प्रोग्रेसिफ. माझ्या नाकावरच्या चष्म्याची काचही प्रोग्रेसिफ : वर लांबचं, खाली जवळचं, मधे कुठेही रेघ नाही. (ही काच 1959 साली फ्रान्समध्येच बाजारात आली.) आणि रॉक? 'रॉक प्रोग्रेसिफ'. 'प्रोग्रेसिस्त' कुणी म्हणत नाही. इंग्रजी शब्द जसाच्या तसा उचलला म्हणून तसं झालं, असं कुणी म्हणेल. असू दे, पण उचलताना हात योग्य शब्दावर पडला.

मूळ लॅटिन : 'प्रो' म्हणजे पुढे, 'ग्रादी' म्हणजे पाऊल टाकणे. ग्रेड, डिग्री, ग्रॅज्युएट ही सगळी याच घरची पोरं. 'ग्रादी' आणि आपली 'गती' एकच, असं छातीठोकपणे सांगणारे विद्वान भेटतात. त्यांनी जरा थांबावं. 'गती' येते 'गम्'वरून, आणि 'गम्'चा लॅटिन भाऊ आहे 'वेनीरे', म्हणजे फ्रेंच 'व्हनीर', येणे. म्हणजे 'पुरोगामी'चा फ्रेंच चुलतभाऊ कोण, तर 'प्रेव्हनीर'! 'प्रे' आणि 'पुरः' एका कुळातले, 'व्हनीर' आणि 'गम्' एका धातूचे. आणि त्याचा आजचा अर्थ? आधीच सावध करणे. हे लक्षात आलं त्या दिवशी मी दुपारचं जेवण विसरलो होतो.

मग मराठीत काय म्हणायचं? 'प्रगतिशील' कोशात आहे, पण तो सरकारी फाइलीतला शब्द आहे. माझं मत विचाराल तर आपल्याकडे नेमका शब्द तयार आहे : बढत. ख्यालात गायक एकेक स्वर घेत राग उलगडत नेतो, ती बढत. मॅग्मा या फ्रेंच बँडची 1973 ची 'मेकानिक देस्त्रुक्तिव्ह कोमांदो' ही रेकॉर्ड ऐका. सुमारे 39 मिनिटं, दोन्ही बाजूंना मिळून एकच रचना. कोरस तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणतो, खाली बास गिटार घुमत राहते, ड्रमवर ख्रिस्तियाँ व्हाँदे सगळ्यांना हाकत नेतो, आणि ताण चढतच जातो. हा माणूस जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचा भक्त, त्यामुळे बढतीची ओढ असणारच. 'बढतीचा रॉक' म्हटल्यावर मित्र हसतात. ऑफिसातलं प्रमोशन वाटतं म्हणे. हसोत बापडे.

एक अपवाद मान्य करतो. रिशार पिनासचा हेल्डॉन हा बँड. 1974 च्या पहिल्याच रेकॉर्डचं नाव 'एलेक्त्रोनिक गेरिया', म्हणजे इलेक्ट्रॉनिक गनिमी युद्ध, आणि तीत चक्क तत्त्वज्ञ जिल देलझ नित्शेचा उतारा वाचतात. त्याला पुरोगामी म्हणा, मी भांडणार नाही.

हां, झ्योल राहिलंच. व्हाँदेने मॅग्मासाठी कोबाया नावाचा ग्रह कल्पिला आणि तिथली भाषाही स्वतःच रचली. 'झ्योल' हा त्या भाषेतला शब्द, अर्थ साधारण 'स्वर्गीय'. पुढे मॅग्माच्या वळणाच्या सगळ्याच संगीताला तेच नाव पडलं, अगदी जपानी बँडांनासुद्धा. उच्चार 'झ्यूल' किंवा 'झेउहल' करू नका. व्युत्पत्ती विचाराल तर काढायला काहीच नाही, एका ड्रमवाल्याच्या डोक्यातून आलाय. माझ्यासारख्याची तिथे उपासमारच.