निळे कल्चर पिवळे का पडले?

प्रश्न : सिनेकोकॉकस इलाँगेटस ७९४२ (प्रकाशावर जगणारा निळा-हिरवा जिवाणू) चे कल्चर दाट निळे-हिरवे होते. त्यातले १० मिलि १०० मिलि ताज्या मीडियमध्ये घातले. बाटलीवर 'बीजी-११-०' असे होते. तापमान ३० अंश, दिवे नेहमीचेच. तिसऱ्या दिवसापासून रंग उतरत गेला, आता ते पिवळट आहे. मेले का?

उत्तर : बहुधा नाही, उपाशी आहे. घोळ त्या शेवटच्या शून्यात आहे. बीजी-११ या नेहमीच्या पोषक मीडियमध्ये लिटरला १.५ ग्रॅम सोडियम नायट्रेट असते, बीजी-११-० मध्ये ते मुद्दाम वगळलेले असते. ती कृती ॲनाबिनासारख्या, हवेतला नत्र स्वतः बांधणाऱ्या जातींची. तुमच्या जातीला ते जमत नाही. जुन्या कल्चरबरोबर आलेले थोडे नायट्रेट संपेपर्यंत तिने तग धरला, एवढेच.

निळा रंग फायकोसायनिनचा. हरितद्रव्य निळा आणि लाल प्रकाश चांगला टिपते, मधला भाग त्याच्या हातून निसटतो. फायकोसायनिन ६२० नॅनोमीटरच्या आसपासचा नारिंगी प्रकाश पकडून ॲलोफायकोसायनिनमार्फत हरितद्रव्याकडे पोहोचवते. पण या दोघांची प्रकाश पकडणारी जुळणी (अँटेना) प्रथिनांचीच, म्हणजे नत्राचा साठा. नत्र तुटला की पेशी एनबीएलए नावाचे चिमुकले प्रथिन बनवते आणि त्याच्या मदतीने हे अँटेना मोडून खाते. मागे उरतात ते पिवळे कॅरोटिनॉइड आणि थोडे हरितद्रव्य. अँटेना उतरवण्यात शहाणपणही आहे: वाढ थांबलेली असताना जास्त प्रकाश पकडला तर नुकसानच.

खात्री करायची तर १ मिलि कल्चर सेंट्रिफ्यूज करून वरचे पाणी बघा. पाणी स्वच्छ आणि तळाचा गोळा पिवळा असेल तर ही उपासमारच. पाणीच निळसर दिसले तर पेशी फुटल्या आहेत. फायकोसायनिन पाण्यात विरघळते, म्हणून बाहेर येते. मग ते कल्चर टाकून द्या.

उपाय सोपा आहे. लिटरला १५० ग्रॅम सोडियम नायट्रेटचे निर्जंतुक द्रावण करा आणि १०० मिलि कल्चरला १ मिलि घाला. पहिला दिवस प्रकाश निम्म्यावर ठेवा. रंग साधारण दोन दिवसांत परतू लागतो. घाईने अमोनियम क्लोराइड ओतू नका: सामू वाढलेला असेल तर त्यातून अमोनिया सुटतो आणि पाणी फोडून ऑक्सिजन सोडणाऱ्या यंत्रणेलाच, फोटोसिस्टिम दोनला, मार बसतो.

प्रश्न : या जातीत हरितलवक नसते, मग प्रकाशसंश्लेषण कुठे होते?

उत्तर : पेशीतच, कडेने थरावर थर लागलेल्या थायलाकॉइड पटलांवर. श्वसनाची साखळीही त्याच पटलात असते. कार्बन डायऑक्साइड बांधणारे रुबिस्को मात्र प्रथिनांच्या कवचात, कार्बोक्सिसोममध्ये, कोंडलेले असते. आत तो वायू दाट साठतो, त्यामुळे हे संथ एन्झाइम चुकून ऑक्सिजन पकडत बसत नाही.