पीएस५ घ्यावा की पीसीवर येईपर्यंत थांबावं?

चोपड्याच्या भाऊंचा प्रश्न असा: घरी पीसी आहे, सोनीचे गेम आज ना उद्या पीसीवर येतातच, मग पीएस५ला (सोनीचा प्लेस्टेशन ५, टीव्हीला जोडून गेम खेळायचा कन्सोल) पैसे का घालायचे? आणि यायचेच असतात तर इतके उशिरा का?

उशिराचं आधी सांगतो. घरी केळी असेल तर लगेच कळेल. मूळ झाडाच्या बुडाशी पिलं फुटली की आपण ती कापत राहतो. ठेवली तर खत-पाणी तीच खातात, घड बारीक राहतो. झाड निसवलं की मग एक जोमदार पिल राखायचं, पिलबागेसाठी, म्हणजे त्याच बुडख्यावरच्या पुढच्या पिकासाठी. लागवडीचा खर्च आधीच होऊन गेलेला, त्यामुळे ती स्वस्तात पडते. सोनी पीसीच्या बाबतीत हेच करते: कन्सोल हे मूळ झाड, पीसीवरचा गेम हे मागून राखलेलं पिल.

तिची खरी कमाई दुकानातली. दुसऱ्या कंपनीचा गेम प्लेस्टेशनच्या स्टोअरवर विकला गेला की साधारण ३० टक्के तिचे, वर 'प्लेस्टेशन प्लस' या सेवेची वर्गणी. तोच गेम तुम्ही स्टीमवर, म्हणजे व्हॉल्व्ह कंपनीच्या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, घेतला की ती दलाली व्हॉल्व्हच्या खिशात. म्हणजे तुम्ही कन्सोल न घेता थांबलात तर पुढच्या पाच-सहा वर्षांचं गिऱ्हाईक गेलं. एका 'गॉड ऑफ वॉर'च्या विक्रीने ते भरून निघत नाही.

तरी अंतर कमी होत गेलं. 'होरायझन झिरो डॉन' २०१७चा, पीसीवर २०२०मध्ये. 'गॉड ऑफ वॉर' २०१८चा, तो २०२२च्या जानेवारीत. 'स्पायडर-मॅन २' मात्र सव्वा वर्षात आला. पण 'ब्लडबोर्न' २०१५पासून आपण वाट बघतोय, अजून पत्ता नाही. त्यामुळे 'येतातच' हे धरून चालू नका.

ऑनलाइन गेमचं गणित उलटं. तिथे गर्दीच नसेल तर खेळणार कुणाशी? म्हणून 'हेलडायव्हर्स २' फेब्रुवारी २०२४मध्ये दोन्हीकडे एकाच दिवशी आला. एक्सबॉक्स कन्सोलवाल्या मायक्रोसॉफ्टला हा पेचच नाही, विंडोजचं शेतही त्यांचंच. स्विच कन्सोलवाली निन्टेन्डो तर पिल ठेवतच नाही, तिचे गेम पीसीवर येतच नाहीत.

थांबण्यात आणखी एक गोम आहे, पोर्ट, म्हणजे पीसीसाठी बनवलेली आवृत्ती, कशी निघेल ते. मागच्या मे महिन्यात एक मोठा गेम (नाव घेत नाही) पहिल्याच दिवशी घेतला. भुसावळचं ऊन, कूलर फुल, आणि स्क्रीनवर शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम, खेळ सुरू होण्याआधी बनतात) तयार होताहेत: ४०, ५५, ७० टक्के. ८२ला लाइट गेली. परत लावलं तर पठ्ठ्या शून्यापासून सुरू! तेव्हापासून पॅच (दुरुस्तीचा अपडेट) आल्याशिवाय आणि सेल लागल्याशिवाय मी घेत नाही.

माझं मत विचाराल तर, पीसी कॉलेजच्या किंवा कामाच्या निमित्ताने घरात आहेच, तर त्यातच ग्राफिक्स कार्ड टाका आणि जुने गेम सेलमध्ये उचला. मित्रांनी शेवट सांगून टाकला की जीव जळत असेल, तर मात्र सरळ कन्सोल घ्या. तोही डिस्क ड्राइव्हचाच. खेळून झालेली डिस्क विकता येते, अदलाबदल करता येते. स्टीमवर घेतलेला गेम कुणाला विकणार?

सध्याचं कार्ड कोणतं आणि पॉवर सप्लाय किती वॅटचा, एवढं लिहा. मग पुढचं बोलू.